हक्कसोड

“आप पर कोई दबाव तो नहीं है ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाई जी,” बाई म्हणाल्या. “कालच मोजला. एकशेवीस-ऐंशी हाय.”

डॉक्टर हसले, मी हसले, बाईंचा भाऊही हसला. ज्युनियर डॉक्टरने ‘दाता स्वखुशीने तयार’ असं फाइलमध्ये लिहून टाकलं. दुपारी डबा उघडताना माझ्या ध्यानात आलं की आपण हसलो ते रक्तदाबाच्या उत्तराला. दबावाचं उत्तर अजून कुणी दिलेलंच नाही.

गुरुग्राममधल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात मी प्रत्यारोपण समन्वयक आहे. इथे सगळे ‘कोऑर्डिनेटर मॅडम’ म्हणतात. मूळची अमरावतीची. मुंबईत एमएसडब्ल्यू केलं आणि २०११ मध्ये नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आले. तेव्हा हे गुडगाव होतं. २०१६ मध्ये गुरुग्राम झालं, तरी ऑटोवाल्यांच्या तोंडी अजून गुडगावच आहे. किडनी देणारा आणि घेणारा यांची फाइल उभी करणं हे माझं काम. आधार, शिधापत्रिका, लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्रं, नातं दाखवणारे जुने फोटो, यादी संपत नाही. एका जोडप्याकडे लग्नाचा एकच फोटो निघाला आणि त्यातही नवरीचा चेहरा मुंडावळ्यांआड गेलेला. प्रत्यारोपणाला मंजुरी देणाऱ्या कमिटीसमोर तो ठेवताना मलाच घाम फुटला होता.

पण फाइल कारकुनालाही जमेल. मला पगार मिळतो तो मुळात देणाऱ्याशी बोलण्यासाठी. आणि त्यासाठी पहिली कला लागते ती नातेवाइकांना खोलीबाहेर काढण्याची. “तुम्ही जरा बाहेर थांबा” म्हटलं की संशय येतो. म्हणून मी सांगते, बिलिंगला एक सही राहिलीय, रांग मोठी आहे, आताच जाऊन या. माणसं उठतात. दाता उरतो. मग पहिली पाच मिनिटं मी किडनीचं नावही काढत नाही. गाव कोणतं, पाऊस झाला का, कापूस काय भावाने गेला, घरी म्हशीकडे कोण बघतंय. म्हशीचा प्रश्न उगीच नसतो. महिना-दोन महिने वजन उचलायचं नाही हे ज्या बाईला सांगायचं आहे, तिच्या घरी चाऱ्याचा भारा कोण उचलणार हे आधी कळायला हवं.

मराठी पेशंट इकडे बरेच येतात. कुणी फौजेतला, कुणी मानेसरच्या कारखान्यातला, कुणी सायबर सिटीतल्या कंपनीतला. त्यांची हिंदी झकास असते. किडनी द्यायला गावाहून येते ती आई, बहीण किंवा बायको. तिची हिंदी टीव्हीवरची. तिला समजतं बरंच, पण बोलता येतं ते ‘हां जी’पुरतं. हिंदीत नाही म्हणायला ती शिकलेलीच नसते. (मराठीत तरी कुठे शिकलेली असते, हा पुढचा प्रश्न.)

ओळख पटू नये म्हणून इथल्या माणसांचे तपशील मी थोडे बदललेत. रक्तदाबवाल्या बाई वऱ्हाडातल्या, वय सत्तेचाळीस. धाकटा भाऊ मानेसरला सुपरवायझर, दीड वर्ष डायलिसिसवर. बायकोचा रक्तगट जुळला नाही, आई मधुमेही. उरली बहीण. त्या दुपारी सीटी अँजिओच्या रांगेत मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि वऱ्हाडीतच विचारलं, “ताई, घरचे जबरदस्ती त नाई करून राहिले?”

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “तुमी अमरावतीकडच्या का?” मी हो म्हटलं. त्या गप्प झाल्या. बऱ्याच वेळाने बोलल्या, “जबरदस्ती कोनं नाई केली. इचारलंबी कोनं नाई.”

माझ्या कामातलं याहून नेमकं वाक्य मी अजून ऐकलेलं नाही.

कायदा याबाबतीत तसा चांगला आहे. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, २०१४ मध्ये नवे नियम आले. शस्त्रक्रियेचे सगळे संभाव्य परिणाम, गुंतागुंत आणि धोके देणाऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय डॉक्टरने हात लावायचा नाही, असं बारावं कलम सांगतं. दाता स्त्री असेल तर जास्त खबरदारी घ्यावी, आणि तिची स्वतंत्र संमती किडनी घेणाऱ्याने नव्हे, दुसऱ्या कुणी पडताळावी, असंही नियमांत आहे. नियम लिहिणाऱ्याला घरं ठाऊक होती म्हणायचं. आणि दात्याच्या फॉर्ममध्ये एक ओळ आहे, ती मी प्रत्येकाला बोट ठेवून वाचून दाखवते: शस्त्रक्रिया होण्यापूर्वी कधीही मी ही संमती मागे घेऊ शकते.

“म्हंजे टेबलावर झोपल्यावरबी?” ताईंनी विचारलं.

“भूल देईपर्यंत.”

“अन् तवा नाई म्हटलं त भाऊ काय म्हनन?”

फॉर्ममध्ये याचं उत्तर नाही.

धोके सांगायला माझ्याकडे आकडे आहेत. अमेरिकेतल्या ऐंशी हजारांवर दात्यांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या नव्वद दिवसांत दर दहा हजारांमागे तीन मृत्यू आढळले. तालुक्याचं एखादं गाव डोळ्यांपुढे आणा, त्यातली तीन माणसं, असं मी सांगते. २०१४ मधल्या दुसऱ्या अभ्यासाचा अंदाज असा, की आयुष्यभरात दहा हजार दात्यांपैकी नव्वद जणांची उरलेली किडनी निकामी होऊ शकते. तितक्याच निरोगी, पण किडनी न दिलेल्या माणसांत हा आकडा चौदा. सरसकट सगळ्या लोकांत तीनशे सव्वीस. धोके सांगणाऱ्या अनेकांना शेवटचा आकडा फार आवडतो. “बघा, साध्या माणसापेक्षा तुम्हाला धोका कमीच!” मला हा हिशेबातला लबाडपणा वाटतो. दाता हा चाळणीतून काढलेला निरोगी माणूस. त्याची तुलना चाळणीत न घातलेल्यांशी कशाला करायची? म्हणून मी तिन्ही आकडे सांगते. खरं तर फारसं कुणी ऐकत नाही. माणसं विचारतात, पेरणीपर्यंत उभं राहता येईल ना, उपास चालतील का, डावीच का काढता? याचं उत्तर सोपं आहे, डाव्या किडनीची शीर लांब असते, जोडायला सोयीची पडते. हे कळलं की माणसांना बरं वाटतं. आपल्या शरीराबद्दल काहीतरी विनाकारण ठरलेलं नाही एवढाच दिलासा.

सगळं सांगते असा आव मी आणतेय खरा. पण एकदा सांगितलं नव्हतं.

सातेक वर्षांपूर्वीची गोष्ट. चोवीस वर्षांची मुलगी, लग्नाला दोन वर्षं झालेली, नवऱ्याला किडनी देणार होती. तिने विचारलं, पुढे मूल होईल ना? मी म्हटलं, हो, त्यात काही अडचण येत नाही. वाक्य खरं होतं, पण अर्धं. किडनी दिलेल्या स्त्रियांना गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. कॅनडातल्या अभ्यासात पाच टक्क्यांच्या जागी अकरा टक्के निघाला होता. तो मी वाचलेला होता. बाहेर अजून चार जण बसले होते, नवऱ्याचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढत होतं, सासू दारातून डोकावत होती. मी पुढे बोलले नाही.

दीड वर्षाने ती परत आली ती सातव्या महिन्यात, पायांवर सूज घेऊन. प्रसूती वेळेआधी झाली, बाळ तीन आठवडे काचेत राहिलं आणि सुदैवाने दोघंही सुखरूप घरी गेली. जाण्याआधी ती माझ्या खोलीत आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, “मॅडम, माझ्या फाइलमध्ये हे कुठल्या पानावर लिहिलंय ते दाखवा.” मी फाइल काढली. छापील मजकुरात ‘दीर्घकालीन परिणाम समजावले’ अशी ओळ होती, खाली तिची सही, शेजारी माझी. तिने दोन्ही सह्यांवरून बोट फिरवलं आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. तेव्हापासून गरोदरपणाचा मुद्दा मी हाताने वेगळा लिहिते आणि दात्याकडून त्याच्या शब्दांत परत म्हणवून घेते. वेळ लागतो. बाहेरची रांग कुरकुरते.

नाही म्हणणारेही भेटतात, पण त्यांना तोंडाने नाही म्हणता येत नाही. एका कुटुंबात थोरल्या भावाचं बीपी दर तपासणीला वाढलेलं यायचं. घरी सगळं ठीक, इथे आला की चढलेलं. एकटा बसवून विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, “मॅडम, तीन दिवस नुसतं लोणचं खातोय.” बिचाऱ्याने गुगलवर वाचलं होतं, मिठाने बीपी वाढतं. मी त्याला म्हटलं, दादा, लोणच्याची गरज नाही. नको असेल तर आम्ही घरच्यांना इतकंच सांगतो की टीमने तुम्हाला दाता म्हणून स्वीकारलेलं नाही. कारण गोपनीय. त्यात खोटं एक अक्षर नाही. टीमने खरंच स्वीकारलेलं नसतं, कारण मनातून तयार नसलेला दाता टीमला चालत नाही. तो माणूस चक्क रडला. धाकट्याचं पुढे काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. ते मला रात्री आठवतं, पण त्याचं ओझं थोरल्याच्या खात्यावर मांडायचं नसतं.

या शहरात बसून संमतीच्या गोष्टी करणं विचित्र आहे, हे मला ठाऊक आहे. जानेवारी २००८ मध्ये पोलिसांनी पालम विहारच्या बाजूला एका घरावर छापा घातला, तेव्हा देशभर ‘गुडगाव किडनी कांड’ गाजलं. उत्तर प्रदेशातून कामाच्या आमिषाने आणलेले मजूर. काहींना थोडे पैसे दिलेले. काहींना तर शुद्धीवर आल्यावर कळलं की एक किडनी गेली. सूत्रधार अमित कुमार फेब्रुवारीत नेपाळमध्ये सापडला आणि २०१३ मध्ये पंचकुलाच्या सीबीआय न्यायालयाने त्याला सात वर्षांची शिक्षा दिली. त्याचं मूळ नाव संतोष राऊत. आमच्याच विदर्भातला, आयुर्वेदाची पदवी घेतलेला. नव्वदीच्या दशकात मुंबईतही असल्याच धंद्यात पकडला गेला होता. शिक्षेनंतरही थांबला नाही, २०१७ मध्ये डेहराडूनच्या किडनी प्रकरणात पुन्हा पकडला गेला. मी नोकरीला लागले तेव्हा एक हरियाणवी सहकारी मला चिडवायचा, “मॅडम, आपके विदर्भ का बड़ा नाम है हमारे यहां.”

त्याच महिन्यात, १६ जानेवारी २००८ ला, इथून तासाभरावरच्या सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्याचा निकाल दिला. दिल्लीतली चव्वेचाळीस वर्षांची अविवाहित स्त्री तपासणीसाठी भुलेखाली होती. साहाय्यक डॉक्टरने बाहेर येऊन तिच्या आईची संमती घेतली आणि मग डॉक्टरने गर्भाशय व अंडाशय काढले. न्यायालयाने म्हटलं, सज्ञान, विचार करू शकणाऱ्या व्यक्तीच्या वतीने आईला संमती देता येत नाही. ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. रुग्णाला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी, हे या निकालाने आपल्याकडे पक्कं केलं. एका आठवड्याच्या अंतराने एकाच परिसरात या दोन गोष्टी घडल्या. नव्या मुलींना शिकवताना मी दोन्ही सांगते, पण दुसरी जास्त वेळ सांगते. पहिलीत खलनायक आहे. दुसरीत एक सुशिक्षित डॉक्टर आणि एक काळजी करणारी आई.

पैशाचा धंदा संपला असं नव्हे. पुण्यात २०२२ मध्ये कोल्हापूरकडची एक बाई पेशंटची बायको म्हणून कागदोपत्री उभी राहिली आणि ठरलेले पैसे मिळाले नाहीत तेव्हा प्रकरण फुटलं. एप्रिल २०२४ मध्ये इथे सेक्टर ३९ मधल्या गेस्ट हाउसवर छापा पडला. आत बांगलादेशातून आणलेले दाते, जयपूरला शस्त्रक्रिया करून आलेले. त्यानंतर काही महिने आमच्या कमिटीने प्रत्येक फोटो भिंगाखाली घालावा तसा पाहिला. पाहायलाच हवा. पण कमिटीचे डोळे पैशावर लागलेले असतात. पैसा नाही, नातं खरं, कॅमेऱ्यासमोर बाई ‘मर्जीने देते’ म्हणाली की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. २०२३ मध्ये देशात ९,७८४ स्त्रियांनी जिवंतपणी अवयव दिले, पुरुषांनी ५,६५१. आणि १९९५ ते २०२१ या काळातल्या ३६,६४० प्रत्यारोपणांत स्त्रियांच्या वाट्याला आली ६,९४५. या आकड्यांत कुणी गुन्हेगार नाही. सगळे अवयव मर्जीने दिलेले.

वऱ्हाडच्या ताईंकडे परत येते. त्यांच्या फाइलमध्ये नवऱ्याचं ना-हरकत पत्र लावायचं होतं. कायद्यात त्याची गरज नाही. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वडिलांना किडनी देऊ पाहणाऱ्या एका विवाहित मुलीच्या प्रकरणात तसं स्पष्ट सांगितलं आहे. पण पुढे भानगड नको म्हणून बहुतेक ठिकाणी मागतातच. ताईंचे यजमान दोन दिवसांचा प्रवास करून आले, सही केली, चहा प्यायले आणि परत गेले. त्या कागदावर नेहमीची भाषा होती, स्वखुशीने, कोणत्याही दबावाविना. मी मराठी करून वाचून दाखवलं तेव्हा ताईंच्या तोंडून आपसूक निघालं, “राजीखुशीने व अक्कलहुशारीने.”

“हे कुठे ऐकलं?”

“हक्कसोडपत्रात. बाबा गेल्यावर तहसीलात नेलं होतं आमा दोघी बहिनीले. तिथल्या मानसानं भराभरा म्हटलं. येवढंच ध्यानात रायलं. साडेचार एकर होतं.” थोडं थांबून म्हणाल्या, “भाऊ म्हने, माहेर तुटनार नाई, दिवाळीले येत जा.”

महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हिस्सा देणारी दुरुस्ती केली तीही १९९४ मध्येच, अवयवांच्या कायद्याच्याच वर्षी. दोन्ही कायद्यांतून सुटायची वाट एकच, बाईची सही.

कमिटीच्या आदल्या आठवड्यात भावजय माझ्याकडे आली. बाई वाईट नव्हती. तिला मनापासून लाज वाटत होती. म्हणाली, “मॅडम, आम्ही ठरवलंय, ताईंचा जमिनीतला हिस्सा त्यांच्या नावावर करून देतो. तेवढं तरी करायला हवं.” मला ते ऐकून बरं वाटलं आणि पोटात गोळाही आला. कायद्यात मोबदला म्हणजे फक्त पैसे नव्हेत. पैशाच्या मोलाची कुठलीही गोष्ट त्यात येते. शिक्षा पाच ते दहा वर्षं, दंड वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत. किडनीच्या फाइलशेजारी जमिनीचा कागद आला तर कमिटी फाइल तिथेच बंद करील, वर पोलीस. मी दोघींना बसवून हे समजावलं.

ताई शांतपणे ऐकत होत्या. मग हसल्या. “म्हंजे किडनी फुकट देली त चालते. अन् माहीच जमीन मले वापस देली त गुन्हा?”

मी कायद्याचं कारण सांगितलं. ते बरोबरच आहे; त्याशिवाय गरिबाची किडनी उद्या बाजारात वजनावर विकली जाईल. त्यांनी मान हलवली. “राहू द्या मंग जमिनीचं.” भावजयीच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला नीट वाचता आलं नाही. दुःख होतं, पण त्यात थोडं सुटल्यासारखंही होतं का? त्या रात्री मला झोप लागली नाही. मी दात्याचं रक्षण केलं की भावाच्या साडेचार एकरांचं, हे मला आजही ठरवता येत नाही.

मी त्यांना घरी जाऊन यायला सांगितलं. पंधरा दिवस वऱ्हाडात राहा, मग ठरवा. आणि नको असेल तर दार कुठे आहे तेही सांगितलं, टीमने स्वीकारलं नाही, कारण गोपनीय. त्या गेल्या. बाराव्या दिवशी परत आल्या, पिशवीत तीळ-गुळाच्या वड्या घेऊन.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी सहाला मी वर गेले. अंगात हिरवा गाऊन, बांगड्या काढलेल्या, मंगळसूत्र एका खाकी लिफाफ्यात. मी लिफाफ्यावर नाव घातलं आणि म्हटलं, “ताई, आत्ताही नको म्हणता येतं.”

“माहीत हाय मले. चारदा सांगतलं तुमी.” मग विचारलं, “भाऊनं काई खाल्लं का?”

“त्यांनाही उपाशीच ठेवलंय.”

“मंग चला.”

किडनी चालली. भाऊ तीन महिन्यांनी कामावर रुजू झाला. ताई तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. हक्कसोडपत्राची नक्कल. गावी गेल्यावर अर्ज करून काढून आणलेली, दोन ठिकाणी शाई पुसट. “वाचून दाखवा,” म्हणाल्या. मी दार लावलं आणि पहिल्या ओळीपासून वाचलं: गट नंबर, चतुःसीमा, पूर्वेस नाला, दक्षिणेस चुलत्यांचं शेत, सगळं. चौथ्या पानावर त्यांचा अंगठा होता.

“मले सई येते,” त्या म्हणाल्या. “तवाबी येत होती.”

मी कागद परत दिला. त्यांनी तो पुन्हा चौपदरी दुमडला, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि चेन लावली.

“क्रिएटिनिन किती आलं माहं, ते सांगा आता.”